चौकटीवरच्या रेघा

तीन रात्री तिला धड झोप लागली नव्हती, आणि कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. कारण एवढंच, की एक म्हातारी अजून जिवंत होती.

म्हणजे त्या म्हातारीचं काही वाईट व्हावं असं तिला वाटत होतं, असं नाही. निदान दिवसा तरी नाही. रात्री मात्र एका बाजूला मुलगी अंगावर तंगडी टाकून झोपलेली, दुसऱ्या बाजूला नवरा घोरतोय आणि ही छताकडे बघत मोजतेय: तेव्हा शहाऐंशी, म्हणजे आता अठ्ठ्याऐंशी. मग स्वतःचीच लाज वाटून ती कूस बदलायची. दुसऱ्या कुशीवरही म्हातारी अठ्ठ्याऐंशीचीच असायची.

झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या डोक्यात परदेशात घर घ्यायचं खूळ शिरलं. ऑफिसातल्या दोघांनी घेतलं होतं, तिसरा घेणार होता. एक घर राहायला आणि एक घर सांगायला, असं ती त्यावर म्हणाली होती. नवऱ्याला ते लागलं आणि खूळ अधिकच पक्कं झालं. तिकडे वीस वर्षांपूर्वी जाऊन स्थायिक झालेला एक दलाल मावसभावाच्या ओळखीचा निघाला. त्याच्याबद्दल बोलताना प्रत्येकजण आधी म्हणायचा, "आपला माणूस आहे." इतक्यांदा म्हणाले, की घरात त्याचं तेच नाव पडलं.

आपला माणूस पहिल्याच फोनवर म्हणाला, "वहिनी, इथे एक पद्धत आहे. घर निम्म्या भावात मिळतं. फक्त आत माणूस असतं."

"आत माणूस असतं म्हणजे?"

"म्हणजे मालकीणबाई. एकटी, म्हातारी. घर आजच तुमच्या नावावर होतं, राहते ती. तिला दरमहा थोडी रक्कम पाठवायची. ती गेली की किल्ली तुमच्या हातात."

"आणि नाही गेली तर?"

"वहिनी," तो हसत म्हणाला, "जातच नाही असं कोणी असतं का?"

नवरा हसला. नवरा हसला म्हणून तीही हसली. हे तिचं नेहमीचंच. शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासणं हे तिचं काम होतं. पानभर मजकुरात एक वेलांटी चुकली तरी तिच्या डोळ्यांना टोचायची. पण समोरची माणसं हसायला लागली की तिची नजर जायची.

सह्या करायला तिघं गेली होती. मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. घर भिंगरीच्याच नावावर घ्यायचं, हा सल्लाही आपल्याच माणसाचा. "पुढे वारसाची भानगड नको. इथे सगळे मुलांच्याच नावावर घेतात." म्हातारीच्याच बैठकीच्या खोलीत वकिलाने करार वाचला आणि आपल्या माणसाने तो वाक्यावाक्याने मराठीत सांगितला. सातवं कलम असं होतं, की घर ज्या व्यक्तीच्या नावावर आहे ती मालकिणीच्या आधी गेली, तर घर मालकिणीकडे परत. मग ते पुन्हा कोणालाही विकायला ती मोकळी.

त्या वेळी भिंगरी टेबलाखाली बसून बापाच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधत होती. नवऱ्याने वाकून तिच्याकडे पाहिलं, मग काठीवर हनुवटी टेकून खोकणाऱ्या म्हातारीकडे पाहिलं आणि म्हणाला, "या शर्यतीत आम्ही आत्ताच जिंकलो म्हणायचं."

सगळे हसले. आपल्या माणसाने ते म्हातारीलाही सांगितलं. तिला ते सांगायची काही गरज नव्हती. म्हातारी सगळ्यांत उशिरा हसायला लागली आणि सगळ्यांत उशिरा थांबली.

आणि निघताना भिंगरीच्या आईने स्वतःची म्हणून एक चूक केली. आपल्याकडे कुठलीही म्हातारी बाई दिसली की जी आपोआप तोंडात येते, तीच. मुलीला पुढे ढकलत ती म्हणाली, "आजीला टाटा कर. आजी म्हण."

म्हातारीने त्या शब्दाचा अर्थ विचारला. आपल्या माणसाने सांगितला. "आजी," म्हातारी पुटपुटली. "आजी..." तोंडात गोळी घोळवावी तसा तिने तो शब्द घोळवला. मग स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. चौकटीवरच्या खुंट्यांना जाड कोट टांगलेले होते, एका कडेला चार बोटं लाकूड तेवढं उघडं होतं. तिथे भिंगरीला पाठ लावून उभं केलं आणि डोक्याच्या वर पेन्सिलीने एक रेघ ओढली.

"किती गोड!" भिंगरीची आई म्हणाली होती. हे तिला पुढे पुष्कळ वेळा आठवलं.

करारात दोन वर्षांतून एकदा, तासभर, घर बघायचा हक्क होता. तोच बजावायला ती तिघं आता पुन्हा आली होती. नवऱ्याने सुटीही त्याच बेताने काढली होती. विमानात त्याने मोबाइलवरचा तक्ता उघडून दाखवला. कुठल्या वयाची बाई सरासरी आणखी किती जगते, याचा.

"सरासरीने आणखी चार-पाच थंड्या," तो म्हणाला.

"भिंगरी ऐकतेय."

"तिला काय कळतंय त्यातलं?"

भिंगरी खिडकीच्या काचेवर बोटाने आडव्या रेघा ओढत होती. एकीवर एक, एकीवर एक.

दुपारचे तीन वाजले होते, पण आभाळ इतकं खाली आलं होतं की रस्त्यावरचे दिवे लागले होते. इमारतीला लिफ्ट नव्हती. जिन्याच्या तळाशी एक बटण होतं. ते दाबलं की दिवा लागायचा आणि भिंतीत कुठेतरी टिकटिक सुरू व्हायची. टिकटिक थांबली की दिवा जायचा, मग तुम्ही मजल्यावर असा की दोन मजल्यांच्या मध्ये. पुढे आपला माणूस धापा टाकत, मागे नवरा, मग मुलीचा हात धरून ती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये दिवा गेला. अंधारात ओल्या लोकरीचा वास आला, आणि त्याच्या आत आणखी एक वास. ओळखीचा, पण नाव सुचेना.

"आजी पेन्सिलीला टोक करतेय," भिंगरी म्हणाली.

तोच तो वास. नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा.

दार म्हातारीनेच उघडलं. काठी नव्हती. खोकला नव्हता. पाठ सरळ, डोळे स्वच्छ, आणि दोन वर्षांपूर्वी जिथे टाळू दिसत होती तिथे दाट पांढरे केस. नवऱ्याचा चेहरा इतका मनापासून पडला, की तिला त्याची लाज वाटली. मग लक्षात आलं, आपलाही पडलाय.

"ही तर माझ्यापेक्षा धडधाकट दिसतेय," नवरा कुजबुजला.

"हळू बोल."

"हळू कशाला? तिला कुठे मराठी येतंय?"

म्हातारीची नजर त्या दोघांवरून, भिंतीवरून फिरावी तशी फिरली आणि खाली भिंगरीवर येऊन थांबली. भिंगरी हात सोडवून धावली. "आजी!" कालच भेटून गेल्यासारखी. दोघी हातात हात घालून आतल्या बाजूला दिसेनाशा झाल्या.

नवरा आणि आपला माणूस घर तपासायला लागले. नळ सोडून बघ, भिंतीला ओल आहे का बघ, गॅलरीच्या कठड्याला हात लावून बघ. "ही मधली भिंत पाडली की हॉल मोठा होईल," नवऱ्याचा आवाज येत होता. "नंतर हो. नंतर." ती स्वयंपाकघराकडे गेली.

आत एकच आवाज होता. चाकूने लाकूड तासल्याचा. खर्र... खर्र... म्हातारी खिडकीपाशी उभी राहून पेन्सिल तासत होती आणि सालपटं तिच्या पायाशी पडत होती. भिंगरीला कोणी काही सांगितलं नव्हतं. तरी ती आपण होऊन चौकटीला टाचा टेकवून, हनुवटी वर करून उभी राहिली होती. म्हातारी आली, तिने भिंगरीच्या डोक्यावर एक पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरलं आणि रेघ ओढली. रेघ ओढताना तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

आणि मग भिंगरीच्या आईला चौकट दिसली. कोट आज टांगलेले नव्हते. लाकूड वरपासून खालपर्यंत उघडं होतं.

त्यावर एकीशेजारी एक अशा रेघांच्या चार शिड्या होत्या. प्रत्येक शिडीच्या तळाशी एक नाव, आणि नावं वेगवेगळ्या लिप्यांमधली. रेघांपुढे वर्षं लिहिलेली, आकडे तेवढे सगळीकडचे सारखे. पहिल्या शिडीला दोन रेघा. तिथलं वर्ष वाचून ती चमकली. ते तिच्या स्वतःच्या जन्माच्याही आधीचं होतं. दुसरीला दोन. तिसरीला तीन. त्यापुढे तिन्ही शिड्यांत लाकूड कोरं होतं. मूल तेवढं वाढलं आणि थांबलं.

चौथी शिडी दोन रेघांची. तळाशी लिहिलं होतं, "भिंगरी". देवनागरीत. भ चा दांडा, त्यावरची वेलांटी, अनुस्वार, सगळं जागच्या जागी. तपासायची सवयच तिला, म्हणून तिने चूक शोधली. चूक नव्हती. करारावर मुलीचं पाळण्यातलं नाव होतं, तेही तिकडच्या लिपीत. हे नाव घरातलं होतं. आणि भिंगरीला अजून जोडून लिहिता येत नव्हतं.

प्रत्येक शिडीच्या वर, खूप वर, मोठ्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, एकेक सुटी रेघ होती. ना नाव, ना वर्ष. सुताराच्या खुणा असतील, तिला वाटलं. पूर्वी तिथे फळी असेल. चौथ्या शिडीवरची खूण मात्र ताजी होती. पेन्सिलीचं शिसं अजून चकाकत होतं. पण तिचं लक्ष त्या वेळी वर नव्हतं, खाली होतं. कोऱ्या लाकडाकडे होतं.

"भिंगरी... ही मुलं कोण?"

"ती आधीची. आमच्या आजीची."

"कुठे आहेत ती?"

"ती नाही येत आता इथे."

"कोणी सांगितलं तुला?"

"आजीने. आत्ता. बोलत होती ना." भिंगरीने आईकडे, ही असं काय विचारते, अशा नजरेने पाहिलं. "ती आपल्यासारखंच बोलते."

मागून आपला माणूस दारात आला. "काय वहिनी, झालं का बघून?"

"भाऊजी, ही बाई आत्ता मुलीला काय म्हणाली?"

"ही? काही नाही. आल्यापासून तोंडातून शब्द नाही काढलेला. मीच विचार करत होतो, रुसलीय की काय."

म्हातारीने पेन्सिल कानामागे खोचली आणि ती हसली. दात सगळे होते. दोन वर्षांपूर्वी नव्हते.

तिने आपल्या माणसाला जवळजवळ ओढतच बाहेर जिन्यात नेलं. बटण दाबलं. टिकटिक सुरू झाली.

"हे घर याआधी किती वेळा विकलंय?"

"वहिनी, सगळं कायदेशीर आहे..."

"किती वेळा?"

तो कठड्यावरून बोट फिरवत राहिला. "तीनदा."

"आणि तरी ते तिचंच कसं?"

"सातव्या कलमाने. तिन्ही वेळा परत आलं."

"म्हणजे घर ज्यांच्या नावावर होतं, ते..."

"गेले." तो घाईघाईने म्हणाला, "आता माणसं काय, जातातच. कोणाला आजार, कोणाला अपघात. आणि पहिले दोन व्यवहार माझे नाहीत हं. तिसरा तेवढा माझा."

"मुलांच्या नावावर होतं ना? तुम्हीच म्हणालात, इथे सगळे मुलांच्याच नावावर घेतात."

"घेतात तर मुलांच्याच नावावर."

"तिचं वय किती आहे हो खरं?"

"कागदावर अठ्ठ्याऐंशी. मी इथे आलो तेव्हाही शहाऐंशीची होती, असं खालचा दुकानदार म्हणतो. लोकांचं काय, काहीही बोलतात..."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंत?"

"नाही."

"मग?" आपला माणूस म्हणाला. त्याच्या आवाजात लबाडीसुद्धा नव्हती, याचाच तिला जास्त राग आला. दिवा गेला. अंधारात बंद दाराच्या आतून भिंगरीचं खुदुखुदु हसू ऐकू येत होतं, आणि मध्ये मध्ये खर्र... खर्र...

नवऱ्याला तिने रस्त्यावर आल्यावर सांगितलं. भिंगरी दोघांच्या मध्ये एका पायावर उड्या मारत चालली होती.

"दारावरच्या रेघा बघून तू घर सोडायचं म्हणतेस?"

"घर सोड म्हटलं तर तू सोडणार आहेस का?"

एवढी रक्कम अडकलेली. शिवाय त्याच्या आईने नातेवाइकांत सगळीकडे सांगून झालेलं, की माझ्या मुलाने परदेशात घर घेतलंय.

"मग निदान तिचं नाव काढ. माझं घाल."

"तुझं घातलं तर ते कलम तुला लागू होईल. म्हणजे तुझं जे काय भूत आहे डोक्यातलं, ते."

"म्हणूनच. मी चौतिसाची, ती अठ्ठ्याऐंशीची. शर्यत आहे ना? मग मी धावते. पोरीला कशाला पळवायचं?"

"तू वेडी आहेस," नवरा म्हणाला. पण मऊ आवाजात म्हणाला, आणि मुलीच्या डोक्यावर त्याने उगाच हात ठेवला. त्यालाही कोरं लाकूड दिसलं असावं. फक्त तो कबूल करणाऱ्यातला नव्हता.

नोंदणी कचेरी पाचला बंद व्हायची. पावणेपाचला चौघं तिथे पोचली. खिडकीमागचा कारकून जाड चष्म्याचा, थकलेला माणूस. आपल्या माणसाने घराचा पत्ता सांगितला आणि पुढचं समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कारकुनाने वाकून खालचा खण ओढला आणि एक कागद काढून पुढे सरकवला. नाव बदलण्याचा अर्ज. त्यावर घराचा क्रमांक आधीच टाइप केलेला होता. जुनं नाव भिंगरीचं. नव्या नावाची जागा तेवढी रिकामी, आणि सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली.

"तुम्ही फोन करून ठेवला होतात का?" तिने विचारलं.

"नाही," आपला माणूस म्हणाला. तो अर्जाकडे बघत होता. "मागच्या वेळीही असंच..." आणि मग त्याने वाक्य गिळलं.

या वेळी ती हसली नाही, आणि घाईही केली नाही. एकेक ओळ त्याच्याकडून वाचून घेतली, एकेक शब्द दोनदा विचारला. कारकून घड्याळ न बघता थांबला. अर्जात चूक काही सापडली नाही. तिने सही केली. शिक्का पडला. तो आवाज ऐकला आणि छातीवरचा दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवला असं तिला झालं. तीन रात्रींची झोप एकदम डोळ्यांवर आली. कोऱ्या लाकडावर आता रेघा चढत जातील. शिडी वाढत जाईल. त्या घरात नाही, आपल्या घरात, आपल्या दारावर. आजच परतायचं, उद्याच बाजारातून पेन्सिल आणायची.

बाहेर बस थांब्यावरच्या बाकावर ती भिंगरीला मांडीवर घेऊन बसली. नवरा शेजारी टेकला. बऱ्याच वेळाने तो मोकळं हसला. "झालं तुझं समाधान?"

"झालं."

"बरं, इकडे बघ. डोक्याला काय लागलंय तुझ्या?"

"काय?"

त्याने तिच्या भांगावरून बोट फिरवलं आणि दिव्याच्या उजेडात धरलं. बोट काळं झालं होतं. चकचकीत काळं, पेन्सिलीच्या शिशाचं.

"त्या चौकटीला टेकली असशील."

ती टेकली नव्हती. चौकटीपासून ती हातभर लांबच उभी होती, हे तिला पक्कं आठवत होतं. तिने डोक्याला हात लावला. तिचंही बोट काळं झालं.

"भिंगरी," ती म्हणाली. "आजीने आणखी काय सांगितलं होतं ग तुला? त्या मुलांचं?"

भिंगरी आईच्या कोटाचं बटण लावत-काढत होती. तिला झोप आली होती. मान वर न करताच ती म्हणाली, "ती मुलं आहेत ना आई, सगळी. मोठी झाली ती. त्या वरच्या-वरच्या रेघा आहेत ना... त्या त्यांच्या आयांच्या आहेत."